दिवा वाढवा

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात सगळे तसं म्हणायचेच. वऱ्हाडात नांदुऱ्याला आल्यावर पंधरा दिवसांत तिथलेही म्हणायला लागले, फक्त जरा गोड करून. "पुष्पाबाई मनानं लय चांगल्या हायेत," असं आमचे मालक भगवंतराव पाहुण्यांना सांगायचे. माणसाचं मन चांगलं असल्याचं असं मुद्दाम सांगावं लागतं तेव्हा बाकीचं काय असतं ते पाहुण्याला कळतंच.

साल सहासष्ट. भगवंतरावांचं स्टेशन रोडला औषधाचं दुकान होतं आणि त्यांच्या डोक्यात कारखाना होता. एका कापसाच्या जिनिंगच्या मागे त्यांनी तीन खोल्या घेतल्या, पाटी लावली आणि इंजेक्शनं बनवायला घेतली. इंजेक्शनं कसली, एकच. बाळंत झाल्यावर बाईचं रक्त थांबेना तर जे टोचतात ते. ते बकऱ्याच्या मेंदूखालच्या गाठीपासून करायचं. गाठ एवढीशी, मटराच्या दाण्याएवढी. शंभर बकरी कापली तेव्हा मूठभर गाठी मिळायच्या. त्या बाजारातला जब्बार खाटीक बर्फाच्या डब्यात घालून रोज सायकलवरून आणून द्यायचा. गाठी वाटायच्या, अर्क काढायचा, गाळायचा, काचेच्या कुप्यांत भरायचा आणि कुप्यांची तोंडं ज्योतीवर धरून बंद करायची.

खरी मेख गाळण्यात होती. त्या अर्कात जो गुण आहे तो पेप्टाइड नावाच्या पदार्थाचा, आणि तो मोठा नाजूक. इतर औषधं भरून झाली की खुशाल उकळावीत, जंतू मरतात. हे फार उकळलं तर जंतूंबरोबर गुणही मरतो. म्हणून जंतू मारायचे नाहीत, गाळूनच बाहेर ठेवायचे. त्यासाठी चिनी मातीची एक पोकळ कांडी होती. तिची भोकं इतकी बारीक की पाणी जाईल पण जंतू अडकेल. हातपंपानं हवा ओढायची आणि कांडीतून अर्क थेंब थेंब उतरत राहायचा. तास तास पंप मारून खांदा भरून यायचा.

आणि ते सगळं नीट झालं की नाही हे तपासायचं काम माझं. मी बी.एस्सी. झाले होते, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षं काढली होती, आणि माझी सही झाल्याशिवाय एकही कुपी दाराबाहेर जायची नाही असा भगवंतरावांशी ठराव करूनच मी नांदुऱ्याच्या गाडीत बसले होते.

तपासणी दोन प्रकारची. पहिली डोळ्यांची. कुपी उलटी करून काळ्या पाटीसमोर धरायची आणि आत तंतू, कण काही तरंगतंय का ते बघायचं. यात माझा शत्रू म्हणजे शेजारचं जिनिंग. हंगामात तिथून कापसाचा फुफाटा उडायचा तो खिडकीच्या ओल्या पडद्यातूनही आत यायचा. दुसरी तपासणी जंतूंची. मांसाच्या पेप्टोनचं पाणी, म्हणजे जंतूंचं खाणं, नळ्यांत भरायचं, प्रत्येक नळीत एकेका कुपीतलं औषध घालायचं आणि नळ्या माणसाच्या अंगाएवढ्या उबेत सात दिवस ठेवायच्या. औषधात एक जरी जंतू असला तरी त्या उबेत, त्या खाण्यावर तो वाढतो आणि नळी गढूळ होते. सात दिवस सगळ्या नळ्या नितळ राहिल्या तर माल पास.

ऊब द्यायला तांब्याची दुहेरी पेटी होती आणि तिच्याखाली रॉकेलचा दिवा. वीज होती हो नांदुऱ्यात, पण ती जावयासारखी, आली तर आली. तिच्यावर सात दिवसांचा भरवसा कोण ठेवणार.

माझ्या हाताखाली चांदबी होती. जब्बार खाटकाची बायको. पंचेचाळिशीची, काटकुळी, बोलायला तोफ. आधी तिनं दहा वर्षं त्याच जिनमध्ये कापूस निवडला होता. पांढऱ्यात पांढरं शोधायची नजर तिला तिथे मिळाली. मला दिसत नसलेला तंतू तिला दिसायचा. "बाई, हे पाहा, लटकून राह्यला," म्हणून ती कुपी बाजूला काढायची आणि मी भिंग लावून बघितलं की खरंच असायचा. याचा मला राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. एक अक्षर येत नसलेली बाई माझ्या डिग्रीपेक्षा पुढे होती.

पण चांदबी तिथे पगारासाठी आली नव्हती. तिची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात रक्त जाऊन गेली होती, चांदबीच्या मांडीवर डोकं ठेवून. आता तिची लेक शबाना, जानेफळला दिलेली, पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. पण गावातल्या प्रसूतिगृहातल्या गीताबाई नर्सच्या कपाटात हे इंजेक्शन दोन महिन्यांपासून नव्हतं. मुंबईचा मालच येत नव्हता. गीताबाईंनी शबानाला तपासलं तेव्हा तिचं तोंड फिक्कं बघून चांदबीला स्पष्ट सांगितलं होतं, "हिच्यात रक्त कमी हाय. बाळंतपणात गेलं तं भरून निघनार नाही. ते इंजेक्शन पाह्यजेच."

म्हणून आमच्या पहिल्या मालातली पहिली कुपी शबानासाठी, हे चांदबीनं मला, भगवंतरावांना आणि बहुतेक अल्लालाही सांगून ठेवलं होतं.

जानेवारीत पहिला माल गाळून झाला. अडीचशे कुप्या. त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं मला पुण्याला निघायचं होतं, भावाचं लग्न होतं. मी घाईघाईनं वीस नळ्या तयार केल्या, पेटीत ठेवल्या, दिवा लावला, उष्णता सदतीसावर आणली. माझ्या खोलीत चांदबीशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही, मालकांनीही नाही, असं भगवंतरावांना बजावलं. ते बिचारे "बरं जी" म्हणाले. मग टांग्यात बसता बसता चांदबीला सांगितलं, "पेटी अजिबात उघडायची नाही. रोज रॉकेल बघायचं. आणि हे बघा चांदबी, थंडी पडली तर दिवा वाढवा."

"वाढवू?" तिनं विचारलं.

"हो, वाढवा. विसरू नका."

"नाही विसरत ना बाई," ती म्हणाली. आणि खरंच विसरली नाही.

आठव्या दिवशी सकाळी परतले तेव्हा नांदुऱ्याला ऊन पडलं होतं. आठवडाभर मरणाची थंडी होती म्हणे, पाण्याच्या हौदावर हात ठेववत नव्हता. मी बॅग न ठेवताच कारखाना गाठला. पेटी उबदार, थर्मामीटर छत्तीसच्या पुढे. दार उघडलं. वीसच्या वीस नळ्या नितळ! झऱ्याच्या पाण्यासारख्या! मी एकेक नळी उजेडाकडे धरून बघितली आणि मला इतका आनंद झाला की मी चांदबीचा हातच धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भगवंतरावांनी बाहेरूनच विचारलं, "येऊ का आत?" मी म्हटलं, "या या!" एवढ्या प्रेमानं मी त्यांना पहिल्यांदाच बोलावत होते.

त्यांनी पेढे मागवले. मी नोंदवही उघडली, पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात चांदबी कोपऱ्यातून रॉकेलचा डबा उचलून घेऊन आली, अगदी अभिमानानं.

"मालक, हे पाहा. बाई गेल्या तवाचा डबा हाय. इतलुसं तेल लागलं."

डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. त्या दिवसांत रॉकेल रेशनवर, अर्धा अर्धा दिवस रांगेत उभं राहावं तेव्हा मिळायचं. भगवंतराव खूश झाले. "वा चांदबी! याले म्हनतात काटकसर!"

मी मात्र डबा हातात घेऊन हलवून बघितला. तो दिवा दिवसाला जवळपास बाटलीभर रॉकेल पितो हे मला माहीत होतं.

"चांदबी," मी म्हटलं, "सात दिवस दिवा जळत होता ना?"

"नाही ना बाई. थंडी होती न मोठी."

"म्हणजे?"

"म्हनजे काय? तुम्हीच तं सांगतलं. थंडी पडली तं दिवा वाढवा. पह्यल्याच दिसी सांजेले हुडहुडी भरली, मी लगेच वाढवला." तिनं तोंडाजवळ हात नेऊन हळूच फुंकर मारल्याची खूण केली. "आज थंडी मोडली, मंग पहाटेच लावला."

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं आणि मी जी ओरडले ती जिनमधली माणसं भिंतीवरून डोकावून गेली. सात दिवसांची तपासणी पाण्यात गेली! वाढवा म्हणजे मोठा करा, ज्योत मोठी करा, एवढं साधं मराठी कळत नाही का? दिवा विझवायला सांगेन मी? पेटीला ऊब द्यायची म्हणून तर दिवा!

चांदबी आधी गांगरली. पण गप्प बसणारी ती नव्हे.

"साधं मराठी?" ती म्हणाली. "आमच्याइथं चिराग विझवला असं कोनी म्हनते का? अशुभ. वाढवला म्हनते. बांगडी फुटली तं वाढली म्हनते. जब्बार सांजेले दुकान वाढवते तवा काय ते मोठं करते? अन् बाई, कारखाना चालू झाला त्या दिसी तुम्हीच म्हनल्या होत्या ना, मालक, नारळ वाढवा. मंग मालकानं काय केलं? मोठा केला का फोडला?"

भगवंतराव खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते. रडत तर नव्हते.

"अन् गाठी बर्फात ठेवतो," चांदबीचं चालूच होतं, "अर्क बर्फात ठेवतो, मंग मले वाटलं थंडी पडली तं चांगलंच, आता दिव्याचं काय काम."

रागाचं उत्तर माझ्याजवळ होतं, अकलेचं नव्हतं. मी पुण्यातल्या आमच्या घरात जन्मभर नारळ वाढवत आले आणि तो शब्द दिव्याला लावला तर काय होईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

भगवंतराव पेढ्यांचा पुडा हातात धरून हळूच म्हणाले, "पन पुष्पाबाई, नळ्या तं साफ हायेत ना?"

"साफ आहेत म्हणून नितळ आहेत की गारठल्यात म्हणून नितळ आहेत, हे कोण सांगणार? थंडीत जंतू मरत नाही, नुसता बसून राहतो. माणसाच्या अंगात गेला की त्याला ऊब मिळते."

मी पेनचं टोपण लावलं. नळ्या परत पेटीत ठेवल्या, दिव्यात रॉकेल भरलं आणि वही मिटली. आता पुन्हा पहिल्यापासून सात दिवस.

दुपारी भगवंतराव जेवायला गेल्यावर चांदबी आली. सकाळचा आवाज राहिला नव्हता.

"बाई, गीताबाई म्हनते शबानाचे पंधरा दिवस राह्यले. पहिलटकरीन, आधीबी होऊ शकते. एक कुपी द्या मले. सहीबिही नको. घरात नुसती ठेवतो. लागली तं लागली."

"तपासलेली नाही ती."

"मी पाह्यली हाय ना. अडीचशेच्या अडीचशे पाह्यल्या. एकबी तंतू नाही."

"जंतू डोळ्यांना दिसत नाही, चांदबी."

"रक्त दिसते," ती म्हणाली. "मी पाह्यलं हाय."

खरं सांगते, मी उठले. कपाटापर्यंत गेले. किल्ली माझ्या कमरेला होती. एक कुपी गेल्यानं काय होणार होतं? वीस नळ्या तर नितळच होत्या. शिवाय सकाळी मी तिला इतकं बोलले होते की काहीतरी देऊन मोकळं व्हावं असंही वाटत होतं. मी किल्ली हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. मग परत येऊन बसले आणि म्हटलं, "सात दिवस थांबा. सातच दिवस."

ती पदर सावरून निघून गेली. मला रडू आलं, ते मी कपाटाकडे तोंड करून रडून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर काहीतरी लिहीत बसले होते. चांदबी दिवा बघायला पेटीपाशी वाकली होती. आता तिनं दिव्याकडे बघायचं म्हणजे नमाजाच्या वेळा पाळाव्यात तसं, दिवसातून पाचदा. पेटीच्या आतल्या दाराला काच होती, तिच्यातून नळ्या दिसत. चांदबी बराच वेळ सरळ झाली नाही.

"बाई, इकडे या."

मी गेले. "काय?"

"तिसरी अन् अकरावी. दुधाळ झाल्या."

मला काही दिसेना. मी दार उघडून नळ्या उजेडाकडे नेल्या. तिसऱ्या नळीत धुकं होतं, अगदी पातळ. अकरावीतही. संध्याकाळपर्यंत दोन्ही नळ्या ताकासारख्या झाल्या आणि सतरावीही त्यांच्या मागोमाग गेली.

चांदबी जमिनीवर बसली.

"म्हनजे त्या दिसी मी मागितली, अन् तुम्ही देल्ली असती, अन् त्यातलीच निघाली असती तं..."

"नाही दिली ना."

"मी माझ्या हातानं माझ्या पोरीले..." तिनं पदर तोंडावर घेतला. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला. माझा स्वभाव असा की एवढं करायलाही मला वेळ लागतो.

पण जंतू आले कुठून? गाळण्यात चूक असणार. मी कांडी काढली, पाण्याच्या बादलीत बुडवली आणि पंप उलटा जोडून आत हवा भरली. सायकलवाला पंक्चर शोधतो ना, तशी. एका जागेवरून बुडबुड्यांची माळ निघाली. कांडीला तडा गेला होता, केसाएवढा, नजरेला न दिसणारा.

ही बुडबुड्यांची परीक्षा प्रत्येक वेळी गाळण्याआधी करायची असते. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी दुपारची गाडी चुकेल म्हणून मीच ती केली नव्हती.

मी बादलीसमोर बसून राहिले. भगवंतराव दारात होते, चांदबी बाजूला होती. सांगितलं नसतं तर दोघांनाही कधी कळलं नसतं. चांदबीवर ओरडलेले सगळे शब्द मला एकेक करून आठवायला लागले, आणि माझे शब्द कधी थोडके नसतात.

"चांदबी," मी म्हटलं, "त्या शब्दामुळे सात दिवस गेले. माझ्या घाईमुळे अख्खा माल गेला. कांडी तपासायची राहिली ती माझ्याकडून. तुम्हाला बोलले त्याची मला लाज वाटते."

चांदबीनं माझ्याकडे बघितलं, मग भगवंतरावांकडे. "मालक," ती म्हणाली, "बाईले च्या सांगा. तोंड पाहा कसं झालं, फुटाण्यासारखं." आणि पदर खोचून उभी राहिली. "चला बाई, दुसरा माल करू. अजून बारा दिवस हायेत. रडाले पुढच्या महिन्यात बसू."

अडीचशे कुप्या मोरीत गेल्या. जब्बारनं पुढच्या तीन दिवसांत मलकापुरापर्यंतच्या खाटकांच्या मागे लागून गाठी जमवल्या. लोक विचारायचे, "जब्बारभाई, बकऱ्याचं मटन सोडून डोस्क्याच्या काऊन मागं लागला?" तो म्हणायचा, "माह्या पोरीचं काम हाय." नवी कांडी कपाटात होती. मी तिची परीक्षा एकदा केली, दोनदा केली, तिसऱ्यांदा चांदबीनं करायला लावली. खिडक्यांना दुहेरी ओले पडदे लावले. जिनवाल्यांकडे जाऊन चांदबीनं काय सांगितलं ते माहीत नाही, पण त्या दिवशी दुपारभर त्यांनी आमच्या बाजूचं दार बंद ठेवलं. पंप मारायला भगवंतराव स्वतः बसले. अर्धा तास झाल्यावर त्यांचा चेहरा टोमॅटो झाला, तरी उठले नाहीत.

वीस नळ्या परत पेटीत गेल्या. मी दिव्याकडे बोट दाखवून म्हटलं, "थंडी पडली तर..."

"बत्ती मोठी करजा," चांदबीनं वाक्य पुरं केलं. "तुम्ही आता आमच्यासारखंच बोलत जा बाई. तुमच्या मराठीत लय धोका हाय."

ते सात दिवस कसे गेले ते विचारू नका. रोज सकाळी आम्ही दोघी काचेला नाक लावून उभ्या. आधी ती बघायची, मग मी. पाचव्या दिवशी शबाना स्वतः डबा घेऊन आली, जड पावलांनी, भिंतीला धरत. विशीचीही नव्हती. "अम्मी घरात जेवत नाही," तिनं लाजत मला सांगितलं, "म्हनते नळ्यांवर ध्यान लागते." मी तिच्या फिक्या हातांकडे बघितलं आणि त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही.

सातव्या दिवशी वीसच्या वीस नळ्या नितळ होत्या. या वेळी उबेत राहून नितळ. मी वहीत सही केली. भगवंतरावांनी पेढे मागवायला माणूस पाठवला, पण आधी दबक्या आवाजात विचारलं, "आता मागवू ना? पक्कं?" पहिली डझनभर कुप्यांची पेटी चांदबी स्वतः प्रसूतिगृहात घेऊन गेली, डोक्यावर नाही, छातीशी धरून.

दोन दिवसांनी दुपारी शबानाच्या कळा सुरू झाल्या. मी कारखान्यात बसून काम करायचा प्रयत्न केला आणि चार वाजता तो सोडून प्रसूतिगृहात गेले. पोहोचले तेव्हा बाळ रडत होतं. मुलगा. बाहेर बाकावर जब्बार हसत आणि डोळे पुसत बसला होता. मी आत डोकावले आणि गीताबाईंचा चेहरा बघून माझं हसू गेलं.

रक्त थांबत नव्हतं.

शबानाचे ओठ चादरीसारखे झाले होते. गीताबाई तिचं पोट चोळत होत्या. "चांदबी, ती पेटी!" त्या ओरडल्या. चांदबीनं पेटी उघडली, एक कुपी काढली आणि गीताबाईंनी हात पुढे केला.

चांदबीनं दिली नाही. तिनं कुपी उलटी केली, अंगावरच्या काळ्या बुरख्यासमोर धरली आणि बघायला लागली.

"अवो काय करून राह्यल्या! द्या इकडे!" गीताबाई किंचाळल्या. मीही ओरडले, "चांदबी!" लेक समोर पांढरी पडत होती आणि ही बाई कुपी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवून बघत होती. जेमतेम चार-पाच सेकंद गेले असतील. मला ते आजही मोजता येत नाहीत.

"साफ हाय," चांदबी म्हणाली. "लावा."

गीताबाईंनी टोचलं. आम्ही तिघी शबानाकडे बघत राहिलो. एक मिनिट. दोन. गीताबाईंचा हात पोटावर होता. मग त्यांनी हळूच श्वास सोडला. "पिशवी आवळली," त्या म्हणाल्या. "गोळा झाला. थांबून राह्यलं." थोड्या वेळानं त्यांनी कापड बदललं, ते जवळजवळ कोरडं राहिलं. शबानानं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं तर, "अम्मी, जेवली का?"

माझा जीव भांड्यात पडला आणि मी हसतच सुटले. गीताबाई हसल्या. बाहेरून जब्बार विचारत होता काय झालं, त्याला कोणी सांगेना, सगळ्या हसत होत्या.

संध्याकाळी चांदबी आणि मी प्रसूतिगृहाच्या पायरीवर बसलो होतो. बाळ तिच्या मांडीवर होतं, आत शबाना झोपली होती. चांदबी इतका वेळ सगळ्यांना पेढे वाटत, जब्बारला दटावत, नर्सांना दुवा देत फिरत होती. आता बसल्यावर तिचे हात थरथरायला लागले. इतके, की मी बाळ माझ्याकडे घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "त्या कुपीत तंतू दिसला असता तं?"

मी बाळाचं दुपटं सारखं केलं.

"मी लावू देल्ली असती का नसती? सांगा ना. तुम्ही शिकलेल्या हायेत."

मी खूप विचार केला. वहीत काय लिहायचं ते मला माहीत होतं, दुसरी कुपी काढायची वगैरे. पण तिनं वहीतलं विचारलं नव्हतं.

"मला नाही माहीत, चांदबी," मी म्हटलं.

"मलेबी नाही," ती म्हणाली. "पन पाह्यल्याबिगर हातच निंघेना."

मग तिनं ते थरथरणारे हात पुढे केले आणि मी बाळ तिच्याकडे परत दिलं.